पाणी उतरू नये म्हणून

ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडे माणसे कोयत्यात मोजतात. यंदा किती आणलेत असे मुकादमाला विचारले की तो म्हणतो, "वीस कोयते." म्हणजे वीस जोड्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. बीड आणि अहिल्यानगरकडून निघालेले हे कोयते दिवाळीच्या आगेमागे विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांच्या शिवारात उतरतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि पहाटेपासून फडात खटाखट सुरू होते. माणसाचे नाव मागे पडून त्याच्या हातातल्या पात्याचे नाव पुढे यावे, यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि जाणत्यांनी ते बोललेही आहे. या पुस्तकाचा प्रश्न त्यापेक्षा फार साधा आहे. त्या कोयत्याला धार कोण लावतो, कशाने लावतो आणि लावताना पात्याचे काय होते?

धारेसाठी जगात जी गावे प्रसिद्ध आहेत, त्यांत जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके कुठेच बसत नाहीत. कात्री म्हटली की मेरठ, चाकू म्हटला की जर्मनीतले झोलिंगेन, इंग्लंडातले शेफील्ड, फ्रान्समधले तिएर, जपानमधले साकाई. आमच्याकडे पाती घडवण्याचा नावाजलेला धंदा नाही. पण पाती झिजवण्यात आम्ही कुणाला हार जाणार नाही. पश्चिमेला आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला कमरेच्या आकडीत अडकवलेली कोयती, राबासाठी फांद्या उतरवणारी कुऱ्हाड, भातकापणीचा दातेरी विळा. मधल्या पट्ट्यात नारायणगावच्या द्राक्षबागांत छाटणीच्या कात्र्या, मंचर-घोडेगावकडे कांद्याची पात कापायचे विळे, प्रत्येक गोठ्यापुढे कडबाकुट्टी. खुरपी तर मोजायलाच नकोत. मजुरीला जाणारी बाई आपले खुरपे आपल्याबरोबर घेऊन जाते आणि दुसरीचे तिला चालत नाही. त्यात खाटकाचा सत्तूर, शिंप्याची कात्री, चांभाराची रापी, सुताराची पटाशी, घरातली विळी आणि अडकित्ता धरला, तर दोन तालुक्यांत धारेवर पोट नसलेला माणूस शोधावा लागेल.

पुस्तक लिहायचे कारण मात्र घरगुती आहे. आमच्या आईची विळी तिच्या सासूकडून आलेली, ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेली. आई तिला दर पंधरवड्याला उंबऱ्याबाहेरच्या दगडी पायरीवर पाणी टाकून घासायची. वर्षानुवर्षे तेवढ्यावर ती चालली. मी शहाणपणा केला. हमरस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात नेऊन तिला ग्राइंडरवर धरून आणली. काम दोन मिनिटांत झाले, ठिणग्यांचा फवारा पाहायला छान वाटला आणि पाते आरशासारखे चकाकले. कडेला बोटभर रुंदीचा निळा-जांभळा पट्टा आला होता, तो मला शोभेचा वाटला. आईने पहिल्याच दिवशी भोपळा चिरला आणि खूश झाली. चौथ्या दिवशी विळी टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागली. पुन्हा धार, पुन्हा चार दिवस. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या लोहाराने विळी हातात घेतली, नखाने कड चाचपली आणि एवढेच म्हणाला, "हिचं पाणी उतरलं."

मराठीत पोलादाचा कठीणपणा आपण पाण्याच्या भाषेत बोलतो. लालभडक तापवलेले पाते लोहार पाण्यात किंवा तेलात बुडवतो, त्याला आपण पाणी देणे, पाणी पाजणे म्हणतो. त्या क्षणी पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. मग त्याला पुन्हा मंद आच दाखवून थोडे नरमवावे लागते. घासलेल्या पृष्ठभागावर तेव्हा रंग चढत जातात: साधारण २२० अंश सेल्सिअसला पिकल्या गवताचा पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. चाकूचे पाते सहसा पिवळ्या रंगापाशी थांबवतात. ग्राइंडरवर कड निळी पडली, याचा अर्थ ती लोहाराने थांबवली होती त्याच्या बऱ्याच पुढे गेली. मग वरून कितीही चकाकली तरी आत नरम झाली. मी दोन मिनिटांच्या धारेसाठी दोन पिढ्यांचे पाणी उतरवून आणले होते. या पुस्तकातली सगळी चाके, सगळे दगड, सगळी यंत्रे या एका गोष्टीच्या कसोटीवर तोललेली आहेत: कड तापते किती?

धारेचा इतिहास मात्र पोलादाहून फार जुना आहे, आणि योगायोगाने त्याचे एक पान आमच्याच तालुक्यात सापडते. कुकडीच्या काठी बोरी गावाजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे काम केले. राखेच्या वयावरून अभ्यासकांत मोठा वाद आहे. काहींच्या मते ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेली, काहींच्या मते त्याहून कित्येक पट जुनी. आपल्या कामापुरते एवढे पुरे की कुकडीच्या खोऱ्यात दगडावर दगड आपटून धार काढणारा कारागीर शेतकऱ्याच्या फार आधी येऊन गेला होता. त्याची धार घासून येत नसे, कपचा उडवून येत असे.

नंतरचे पान लेण्यांचे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्रीला मिळून, दोनशेच्या आसपास लेणी आहेत, बहुतेक सातवाहन काळाच्या आगेमागे कोरलेली. आपण तिथे चैत्यकमान पाहतो, शिलालेख वाचतो. भिंतीवरच्या छिन्नीच्या तिरप्या रेघा सहसा कुणी पाहत नाही. काळ्या पाषाणात छिन्नीचे टोक फार टिकत नाही. थोड्या थोड्या वेळाने ते भट्टीत तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन घ्यावे लागते. आजचा पाथरवटही तेच करतो. म्हणजे हे डोंगर कोरले जात असताना पायथ्याला भाते फुंकणारे लोहार असणारच. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दान ठेवल्याची नोंद आहे. ज्यांच्या हाताने छिन्नीला टोक काढले, ते या यादीत असते तर मला बरे वाटले असते.

पुढे बलुतेदारीच्या काळात धारेची व्यवस्था ठरलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली आले. गावाच्या चाकाला कोण कुठला आरा होता, हे समजून घ्यायला आजही त्याच्याकडेच वळावे लागते. लोहार फाळ आणि कुऱ्हाडी शेवटून देई. शेवटणे हा शब्द आता मागे पडत चालला आहे, पण तो नेमका आहे. झिजून बोथट झालेले टोक तापवून, ठोकून, पुन्हा लांब व पातळ करून पाणी देणे म्हणजे शेवटणे. त्यात लोखंड कमी होत नाही, फक्त जागा बदलते. न्हावी आपला वस्तरा आपणच दगडावर आणि चामोटीवर साधे. बैलगाडीवर भाता-ऐरण घेऊन गावोगाव फिरणारे घिसाडी पेरणीच्या आधी येत, चावडीपुढे भट्टी मांडत. त्यांच्या बायका घण मारताना मी लहानपणी पाहिल्या आहेत. आणि हत्यारांना धार व झिलई देणारे ते शिकलगार. या नावातला 'सैकल' अरबी, म्हणजे चकाकी; 'गार' हा फारसी प्रत्यय. तलवारी गेल्या तरी नाव उरले आणि तलवारीचे हात कात्र्या-सुऱ्यांवर आले. खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो, तिच्या आदल्या आठवड्यात या सगळ्यांना उसंत नसे.

शिकलगाराचे चाक हा या इतिहासातला सर्वांत देखणा भाग. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात धारेचा चांगला वालुकाश्म मिळत नाही. बाजारात दिसणारा लालसर धारेचा दगड बाहेरून येतो. पण दक्षिणेत कुरुंद होता, हिऱ्याखालोखाल कठीण असलेला खनिज दगड. त्याची पूड लाखेत कालवून, चाकाला थापून आपले कारागीर धारेचे चाक तयार करत. एकाने चामड्याची वादी मागेपुढे ओढून आस फिरवायचा, दुसऱ्याने पाते धरायचे. कण झिजले की लाख तापवायची, नवी पूड थापायची. आज कारखान्यात जे बनते त्याची सगळी तत्त्वे यात आहेत: कठीण कण, त्यांना धरून ठेवणारा डिंक, आणि कण बोथट झाला की सोडून देण्याची सोय.

युरोपात चाके वालुकाश्माची होती आणि नदीच्या पाण्यावर फिरत. तिएरचे कारागीर पाणचक्कीवर फळीवर पालथे झोपून पाती घासत. थंडीत ऊब राहावी म्हणून पायांवर कुत्रा बसवत. शेफील्डची गोष्ट इतकी गमतीची नाही. तिथे कोरड्या वालुकाश्मावर घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाई आणि ते ऐन तिशी-चाळिशीत खोकून खोकून मरत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या डॉक्टरांनी यावर लिहून ठेवले आहे. धार म्हणजे ज्याच्या नाकात धूळ जाते त्याचे काम, ही बाजू पुस्तकांत क्वचित येते.

मग १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोक तापवून एक चमचमता कठीण पदार्थ मिळवला. त्याला वाटले, हा कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग. म्हणून नाव ठेवले कार्बोरंडम. प्रत्यक्षात तो सिलिकॉन कार्बाइड निघाला, पण नाव तसेच राहिले. त्या नावातला कोरंडम हा आपलाच कुरुंद, तो इंग्रजीत फिरून आला, एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही. पाठोपाठ कृत्रिम अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आले आणि धारेचा दगड खाणीतून कारखान्यात गेला. आपल्याकडे १९४१ साली उरणजवळ मोरा येथे ग्राइंडवेलने चाके बनवायला सुरुवात केली. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल आली. नारायणगावच्या हार्डवेअरच्या दुकानात आज जे चाक मिळते, त्याची वंशावळ ही अशी.

आज धारेचे चार-पाच पंथ आहेत आणि प्रत्येक पंथाचा माणूस दुसऱ्याला नावे ठेवतो.

सर्वांत जुना पंथ हातदगडाचा. पाणी टाकून, किंवा तेल टाकून, पाते दगडावर ठरलेल्या कोनात सरकवायचे. जपानी लोकांनी हे शास्त्राच्या पातळीवर नेले: हजार नंबरच्या दगडावर धार, सहा हजारच्या दगडावर तकाकी. यात कड तापण्याचा प्रश्नच येत नाही. वेळ लागतो, आणि कोन हाताला बसेपर्यंत धीर लागतो. घरातली सुरी आणि विळी यांच्यासाठी दोन बाजूंचा एक दगड असला की यंत्राचे काही कारण नाही, हे माझे स्पष्ट मत. चाकांवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत असे लिहिणे व्यापाराला बरे नाही, पण खरे आहे.

दुसरा पंथ कानशीचा. फडातला ऊसतोड कामगार याच पंथाचा. बांधावर बसतो, कोयता गुडघ्याखाली दाबून धरतो, चार-सहा ओढ मारतो आणि उठतो. कोयत्याला बारीक धार टिकत नाही आणि लागतही नाही. उसाचे बुड सपकन तुटावे इतपत दमदार, किंचित खरबरीत कड लागते. कानस ती नेमकी देते. फक्त पाते कानशीपेक्षा कठीण असेल तर कानस नुसती घसरते. कानस घसरली की समजावे, पाणी चांगले बसले आहे.

तिसरा कोरड्या वेगवान चाकाचा, म्हणजे बेंच ग्राइंडर. त्याच पंथातली दांडगी शाखा म्हणजे हातातला अँगल ग्राइंडर. चौथा, पाण्यात बुडून सावकाश फिरणाऱ्या चाकाचा. स्वीडनमध्ये १९७३ पासून टॉरमेकची अशी यंत्रे निघतात: २५० मिलिमीटरचे चाक, मिनिटाला ९० फेरे. पाचवा, वाळूच्या पट्ट्याचा. चाकू बनवणारे हल्ली त्याच्यावर जीव टाकतात. आणि सायकलवाला? स्टँडवर सायकल उभी करून पायडल मारत धार लावणारा माणूस मी चौथ्या पंथात धरतो. त्याचे चाक कोरडे असते, पण वेग त्याच्या पायात असतो आणि शेजारी पाण्याचा डबा असतो. तोच माणूस आता मोटारसायकलच्या इंजिनाला पट्टा लावून येतो, आणि तो तिसऱ्या पंथात गेला याचे मला वाईट वाटते.

पंथांतला खरा फरक वेगाचा आहे, आणि तो मोजता येतो. चाकाचा व्यास मीटरमध्ये घ्यावा, ३.१४ ने गुणावे, सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणावे. १५० मिलिमीटरचे चाक मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर पळते. चार इंची अँगल ग्राइंडर ११ हजार फेऱ्यांवर सुमारे ५८ मीटर. पाण्यातले ते स्वीडिश चाक जेमतेम सव्वा मीटर. माझ्या आईच्या विळीचे काय झाले, ते या तीन आकड्यांत आहे. याच हिशेबाची दुसरी बाजू जिवावरची आहे. साधे पक्क्या मातीच्या जोडाचे चाक सेकंदाला सुमारे ३५ मीटरपर्यंत चालवायचे असते. सहा इंची ग्राइंडरचे आवरण काढून "जरा मोठे बसवू" म्हणत दहा इंची चाक चढवले, तर तेच २८०० फेरे त्याला ३७ मीटरवर नेतात. चाक फुटते ते गोळीसारखे.

आता चाकावरच्या कागदाबद्दल. प्रत्येक चाकाच्या मध्यावर गोल कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा 'ए', मग ६०, मग 'के', मग ५, मग 'व्ही', अशी अक्षरे-आकड्यांची ओळ असते. दुकानदार सहसा फक्त इंच आणि भोक विचारतो. ही ओळ वाचून चाक मागणारे गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटते. पहिले अक्षर कण कशाचा ते सांगते. पोलादाला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. हिरवे सिलिकॉन कार्बाइड लेथच्या कार्बाइड टिपांसाठी असते, ते दिसायला छान म्हणून सुरीला आणू नये. मग कणाचा जाडेपणा: ३६ म्हणजे जाड, ८० म्हणजे चाकूच्या कामाला पुरेसे बारीक. शेवटचे अक्षर जोड कशाचा, माती भाजून की राळेत. आणि मधले अक्षर, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही, ते चाकाची पकड सांगते. 'ए'पासून 'झेड'पर्यंत पकड घट्ट होत जाते.

इथे सगळ्यांची गल्लत होते. कठीण पोलादाला घट्ट चाक हवे असे कुणालाही वाटेल. आहे उलटे. कठीण पोलादावर कण लवकर बोथट होतो. बोथट कण कापत नाही, नुसता घासतो, आणि घासले की तापते. चाकाची पकड सैल असेल तर बोथट कण गळून पडतो आणि मागचा ताजा कण पुढे येतो. म्हणून कठीण पात्याला सैल चाक, नरम लोखंडाला घट्ट चाक. बेंच ग्राइंडरबरोबर फुकट येणारे करडे चाक गजांचे टोक आणि वेल्डिंगची गाठ घासण्यासाठी असते, जाड आणि घट्ट. ते वाईट नाही, वेगळ्या कामाचे आहे. त्याच ग्राइंडरच्या दुसऱ्या बाजूला पांढरे, ६० किंवा ८० नंबरचे, 'जे' किंवा 'के' पकडीचे चाक चढवले, आणि चाकाचे तोंड ड्रेसरने वेळोवेळी ताजे केले, तर तेच यंत्र विळी जाळायचे थांबते. हाताला मोजे घालू नयेत. एक तर मोजा चाकात ओढला जातो. दुसरे, बोटाला चटका बसतो तोच आपला तापमापक. बोटाला सोसवेना की पाण्यात बुडवायचे. मात्र पाते निळे पडल्यावर बुडवून काही उपयोग नाही; उतरलेले पाणी डब्यातल्या पाण्याने परत येत नाही, आणि पाते फार तापलेले असेल तर चीर जाते ती वेगळीच.

वाळूपट्टा, क्यूबिक बोरॉन नायट्राइडची नवी महाग चाके, हिऱ्याच्या पट्ट्या यांच्याबद्दल पुस्तकात योग्य जागी सांगितले आहे. हिऱ्याचे एवढेच इथे सांगतो की हातपट्टी म्हणून तो उत्तम, पण वेगाने फिरवून पोलादाला लावू नये. तापलेले लोखंड हिऱ्यातला कार्बन खाऊन टाकते.

हे सगळे आताच का लिहायचे? कारण व्यवस्था बदलली आणि ज्ञान मध्येच लटकले. गावातल्या लोहाराचा मुलगा आता खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी फाटके करतो, त्यात त्याला चार पैसे मिळतात, आणि त्याला बोल लावता येत नाही. घिसाड्यांची गाडी क्वचित दिसते. न्हाव्याने वस्तऱ्याऐवजी बदलते ब्लेड घेतले, ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले, पण चामोटी गेली आणि तिच्याबरोबर गावातली सर्वांत बारीक धार गेली. दुसरीकडे स्वस्त ग्राइंडर घरोघर पोहोचला. म्हणजे यंत्र आले आणि ते वापरायचे कसे हे सांगणारा माणूस गेला. कडबाकुट्टी घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगराबरोबर कडबा कापण्याची यंत्रे केली, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. तिच्या पात्याला उतार एकाच बाजूला असतो आणि सपाट बाजू कधीच चाकाला लावायची नसते, हे तेव्हाच्या शेतकऱ्याला माहीत होते. आज दोन्ही बाजूंनी घासलेली पाती मी गोठ्यागोठ्यात पाहतो. मग पाते आणि पट्टी यांच्यात फट पडते, कडबा कापला न जाता दुमडतो आणि मोटारीवर ताण येतो. दोष मात्र मोटारीला दिला जातो. छाटणीच्या कात्रीचेही तेच. बोथट कात्रीने द्राक्षाची काडी कापत नाही, चेचते. चेचलेली जखम भरायला वेळ लागतो आणि तिथे रोग शिरायला वाव मिळतो.

आणखी एक कारण आहे, ते सांगताना थोडा संकोच वाटतो. या तालुक्यांतली बहुतेक पाती बायकांच्या हातात असतात. विळी, विळा, खुरपे आणि अर्धा कोयता. यंत्र मात्र पुरुष विकत घेतो, दुकानात पुरुष जातो, धार "करून आणतो" तोही पुरुष. बोथट खुरप्याने दिवसभर निंदणाऱ्या बाईचे मनगट संध्याकाळी काय म्हणते, हे चाकाच्या कागदावर लिहिलेले नसते. पुस्तकासाठी आदिवासी पट्ट्यात आणि बागाईत पट्ट्यात फिरताना सर्वांत अचूक प्रश्न मला बायकांनीच विचारले. भातकापणी करणाऱ्या एकीने विचारले, दातेरी विळ्याला चाक लावावे का? लावू नये. दात गेले की तो विळा राहत नाही. सपाट बाजूने हलका दगड फिरवावा, नाहीतर पाते बदलावे.

पुस्तकाची रचना म्हणून यंत्रांपासून सुरू होत नाही. आधी काम, मग पाते, मग कोन, मग दगड किंवा चाक आणि सर्वांत शेवटी यंत्र, असा तिचा क्रम आहे. सुरीला एका बाजूने १५ ते २० अंश, कोयत्याला २५ ते ३०, खुरप्याला त्याहून बोजड कोन. हे आकडे पाठ करायचे नाहीत, का ते समजून घ्यायचे आहेत. खुरप्याला वस्तऱ्याची धार दिली तर ती पहिल्या खड्यावर दुमडेल. ग्राइंडर विकत घ्यायला निघालेल्या वाचकाने हा क्रम उलटा वाचला तरी चालेल, पण निदान पाते ओळखण्याचा भाग वगळू नये: कमानपाट्याचे कोणते, मशीनच्या हॅक्सॉ ब्लेडचे कोणते, स्टेनलेसचे कोणते. हॅक्सॉ ब्लेडची सुरी खाटीक आवडीने वापरतात. ती हायस्पीड पोलादाची असेल तर निळी पडूनही तिचे फारसे बिघडत नाही, कारण ते पोलाद ५०० अंशांच्या पुढेही कठीण राहते. कमानपाट्याची विळी तेवढ्यात संपते. एकाच चाकावर, एकाच हाताखाली.

कंपन्यांची तुलना आणि किमतींचा तक्ता मुद्दाम टाळला आहे; छापून होईपर्यंत दोन्ही शिळे होतात. तलवारी आणि शोभेच्या कट्यारी यांनाही जागा दिलेली नाही. शिवनेरी आमच्या डोक्यावर असताना असे करणे काहींना रुचणार नाही, पण हे पुस्तक पोटापाण्याच्या पात्यांचे आहे. विजेचा विचार मात्र आवर्जून केला आहे. वस्तीवर सिंगल फेजही धड टिकत नसेल तर अर्ध्या अश्वशक्तीचे यंत्र कोपऱ्यात धूळ खाते, आणि त्या घरासाठी हाताने फिरवायचे चाक किंवा दगड हीच खरी शिफारस ठरते.

यातले बरेचसे मला लोहारांनी, सायकलवाल्यांनी आणि वर्कशॉपमधल्या जुन्या मिस्त्रींनी सांगितले. जिथे त्यांचे आणि छापील माहितीचे जुळले नाही, तिथे मी पाते जाळून पाहिले आणि मग लिहिले.

एक विनंती. नवे चाक आजच दुकानातून आणले असेल, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि ते चाक आधी भोकातून दोरी ओवून टांगा. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहा. घंटेसारखे खणखणीत वाजले तर दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या चकत्या घालून बसवा, टेका आणि चाक यांत तीन मिलिमीटरहून जास्त फट ठेवू नका, डोळ्यांना चष्मा लावा, यंत्र सुरू करा आणि पहिला एक मिनिट बाजूला उभे राहा. बद्द वाजले तर आत चीर आहे. ते कुणाच्या हाती लागणार नाही असे फोडून टाका आणि दुसरे आणा.